निळ्या झिंग्यांचा उन्हाळा

उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक फलकावर लागलं की आमच्या वसतिगृहाचा आवाज बसतो. मुली हळू चालतात, हळू बोलतात, जेवताना पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवतात. कूलरच्या टाकीत दुपारी पाणी टाकायच्या पाळ्या ठरतात. यंदा पहिली पाळी माझी आली. झाकण उघडलं तेव्हा आतल्या साचल्या पाण्याचा वास नाकात गेला, शेवाळ आणि तापलेलं प्लास्टिक यांचा मिळून जो वास होतो तो, आणि मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. मागून कोणीतरी विचारलं, काय गं, ऊन लागलं का. मी हो म्हटलं.

ऊन लागलं नव्हतं. मला आमचा गोठा आठवला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यात बैल नव्हते, निळे झिंगे होते. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. वर्गात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं तर आधी झिंगे निळे कसे ते सांगावं लागतं, मग ते गोठ्यात काय करत होते ते, आणि मग माझी लग्न झालेली ताई माहेरी काय करत होती ते. एकेका प्रश्नाला उत्तर देता देता सांगायचं ते राहूनच जातं. इथे जमतं का पाहते.

घरात काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या लोकांना हल्ली नुसते मासे पुरत नाहीत. त्यांना पेटीच्या तळाशी चालणारं काहीतरी हवं असतं. त्यासाठी हा प्राणी. दुकानदार त्याला क्रेफिश म्हणतात. झिंग्याचं अंग, खेकड्याच्या नांग्या, तळहाताएवढी लांबी, आणि रंग पांढऱ्या कपड्यांना देतात त्या निळीसारखा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं कुणीतरी रंगवला आहे. मी बोटाने पुसूनही पाहिला होता.

ताईचं सासर चंद्रपूरचं. भाऊजी खाणीवर कंत्राटी कामाला, पाळीत जायचे. घराजवळ रंगीत माशांचं दुकान होतं. ताई तिथे पेट्या धुवायला जायची आणि धुता धुता सगळं शिकली. भाऊजींना ते आवडलं नाही. ते तिला मारत नव्हते. त्यांनी एवढंच केलं, की कामावर जाताना ते दाराला बाहेरून कडी लावू लागले. आल्यावर काढायचे. ताईने एक पावसाळा आणि एक हिवाळा असा काढला. मग एका सकाळी शेजारच्या बाईने कडी काढून दिली आणि ताई आमच्या गावी आली. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. डब्यात पाणी होतं, पाण्यात बोटाएवढी निळी पिल्लं. निघताना दुकानदाराकडून तिने जुन्या थकलेल्या मजुरीऐवजी तीच मागून घेतली होती.

आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, धानाचं. घराच्या छपराला कवेलू, मागे वाडी, वाडीत गोठा. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागल्यावर बाबांनी बैल विकले होते आणि गोठ्यात मोडक्या वस्तू पडल्या होत्या. ताईने त्या बाहेर काढल्या. शेणाने सारवलेली जमीन तशीच ठेवली, ती थंड राहते म्हणून. प्लास्टिकचे टब आणले, हवेचा पंप आणला, पाण्याच्या पाइपाचे वीतभर तुकडे कापून प्रत्येक टबात टाकले. हा प्राणी एकटा राहणारा. दुसरा दिसला की भांडतो. लपायला जागा नसेल तर जो मोठा तो लहान्याला खातो. प्रत्येकाला एक पाइप मिळाला की जरा शांतता राहते.

बाबांनी तिला परत जा म्हटलं नाही. त्यांनी मुदत दिली. पावसाच्या तोंडाशी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकेपर्यंत राहा म्हणाले, तोवर तुझं तुला पोसता आलं तर पुढचं पुढे पाहू, नाही आलं तर गुपचूप सासरी जायचं. हे ते तिच्याशी बोलले नाहीत, आईशी बोलले. ताई तिथून तीन हात अंतरावर भाकर थापत बसली होती. तिने मान हलवली, तीही आईकडे पाहूनच.

म्हणजे त्या टबांमध्ये जे होतं ते ताईचं घरात राहणं होतं. मला हे तेव्हाच कळत होतं. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष, परीक्षेच्या सुट्टीसाठी मी घरी आले होते. आमच्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यास नेमका कुठे बसून करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी गोठ्यात बसायची, दाराला टांगलेल्या ओल्या पोत्यांच्या थंडाव्याला. मांडीवर प्राणिशास्त्राचं पुस्तक, समोर टब. पुस्तकातला प्राणी काळ्या रेघांचा, त्याच्या प्रत्येक अवयवाला बाण लावून नाव दिलेलं. टबातला मिशा हलवत माझ्याकडे बघायचा.

गावाला विषय मिळाला. हातपंपावरच्या बाया ताईला झिंगेवाली म्हणू लागल्या. शेजारच्या शेवंताकाकू गोठ्याच्या दारातून डोकावून म्हणायच्या की नवऱ्याले सोडून आली आन् किड्यायले भरवून राह्यली. ताई हसायची. ती त्या दिवसांत पुष्कळ हसायची, ते आठवलं की मला आता बरं वाटत नाही. गडचिरोलीच्या बसमध्ये एकदा वाहकाने तिच्या पिशवीला हात लावला. हवा भरून रबर बांधलेल्या, फुगलेल्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत एक झिंगा.

“बाई, हे चावते काय?”

“तिकीट मागतलं त चावते.”

बस हसली. वाहकही हसला, पण तिकीट दिलं.

नांग्यांचं सांगायला हवं. ते टाळून पुढे जावं असं वाटतं, पण टाळता येत नाही.

ताई गडचिरोलीच्या ज्या दुकानात झिंगे विकायची तिथली गिऱ्हाइकं बहुतेक लहान मुलांना घेऊन येतात. मुलाला निळा प्राणी हवा असतो आणि बापाला आपले सोनेरी मासे जिवंत हवे असतात. नांग्या असलेला क्रेफिश रात्रीतून माशाचं शेपूट कातरतो. म्हणून दुकानदार नांग्या काढलेले मागतात. आमच्याकडे हे काही नवीन नव्हतं. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, खेकडे धरले की टोपलीत टाकण्याआधी त्यांच्या नांग्या मोडायच्या, हे आम्हाला चालायला लागल्यापासून येतं. नाहीतर टोपलीत ते एकमेकांना फाडतात आणि हात घालणाऱ्यालाही सोडत नाहीत. मोडताना काडकन आवाज होतो. लहानपणी आम्ही त्या आवाजाची नक्कल करायचो.

झिंग्याचं तसं नव्हतं. ताई त्याला पाठीकडून धरायची, नांगीच्या मुळाशी एक सांधा असतो तो चिमटीत दाबायची आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने तो स्वतःच नांगी सोडून द्यायचा. जीव वाचवायला हात टाकून देतात हे प्राणी. पुस्तकात त्याला एक शब्द आहे, परीक्षेत आला तर दोन गुणांचा.

“मी कुठी तोडतो?” ताई म्हणायची. “तोच सोडते.”

आमच्याकडे बायाही मी करतो, मी जातो असंच म्हणतात. कॉलेजात पहिल्या आठवड्यात मी मॅडमना “येतो” म्हटलं तेव्हा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी येते-जाते झाले. कुणी चिमटीत धरलं नव्हतं. माझं मीच टाकून दिलं.

सोडलेल्या नांग्या ताई त्याच टबात टाकायची. तो त्या खायचा. पुढे कात टाकली की नवीन फुटतात, आधी लहान, वाकड्या. तोवर गिऱ्हाइकाला पटलेलं असतं की हा प्राणी गरीब आहे.

कात टाकणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो मेलाच वाटला. कुशीवर पडतो, पाय आखडतात, पाठीवर आडवी फट पडते आणि तो आपल्याच अंगातून मागे मागे सरकत बाहेर येतो. बाहेर आलेला अगदी मऊ असतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. दोन-तीन दिवस त्याला काही करता येत नाही. बाकीच्यांना ते पाण्यातूनच कळतं. ते पाइपांतून बाहेर येतात. ताई अशा मऊ झालेल्याला लगेच वेगळ्या टबात ठेवायची आणि त्याची टाकलेली कातही त्याच्याजवळ ठेवायची, कारण तीच खाऊन त्याचं नवं कवच कडक होतं.

आईला हे माहीत नव्हतं. आईला घाण दिसली की ती उचलते. एकदा ताई गडचिरोलीला गेलेली असताना आईने सगळे टब बघितले, जिथे जिथे रिकामी टरफलं दिसली ती काढून चुलीत टाकली, आणि बिचारे एकेकटे पडले आहेत म्हणून मऊ झालेल्यांना बाकीच्यांत सोडलं. ताई परतली तेव्हा पाणी गढूळ होतं आणि मोठे झिंगे जड होऊन आपापल्या पाइपात बसले होते. आई एवढंच म्हणाली की मले काय मालूम, मेलेले दिसले त फेकले, एकटे दिसले त सोबत दिली. ताई तिच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबा ओसरीवरून हे पाहत होते. माझ्या आठवणीप्रमाणे त्या दिवशी ते प्रथमच गोठ्याच्या दारापर्यंत आले आणि कुठल्या टबात काय आहे ते त्यांनी आईला विचारून घेतलं. मला तेव्हा आनंद झाला होता. बाबा लक्ष घालू लागले असं वाटलं.

वैशाखात वीज जायची. पंप थांबला की पाण्यात हवा राहत नाही. झिंगे पाइपांवर, एकमेकांवर चढून मिशा पाण्याबाहेर काढायचे. ताई तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहायची, एका टबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. किराणा दुकानात शीतपेटी होती, तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवून आणून टबात सोडायच्या. पोती भिजवायची, वाळायची, परत भिजवायची. लोक सकाळी तेंदूपत्त्याला जायचे आणि उन्हं चढायच्या आत पानांचे भारे घेऊन परत यायचे, तेव्हा ताईचा पदर ओला आणि तोंड कोरडं असायचं. मी विचारलं होतं तिला, की एवढं जमेल का. तिने मला कोपऱ्यातला मोठा टब दाखवला. त्यात माद्या होत्या. एकीला उचलून उलटी केली. शेपटाखाली गच्च अंडी, काळसर, मोहरीसारखी, आणि मादी आपले छोटे पाय हलवून त्यांना वारा घालत होती.

“हे फुटले की पऱ्ह्याच्या आधी गोठा भरते, पाह्य,” ताई म्हणाली. “मंग कोन म्हनन मले जाय?”

नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पिल्लं घ्यायचं कबूल केलं होतं. सगळं त्या कोपऱ्यातल्या टबावर होतं.

माझ्या पहिल्या पेपरला दोन दिवस असताना भाऊजी आणि त्यांचे वडील आले. मोटारसायकल अंगणात लावली. कुणी बोलावलं होतं ते मला आजही माहीत नाही, पण बाबांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पाणी दिलं, चहा दिला. उन्हाळ्याच्या, पिकाच्या, खाणीच्या गोष्टी झाल्या. ताई गोठ्यात होती, तिला कुणी हाक मारली नाही.

जावई घरी आला की तिखटाचं, म्हणजे मटण-मासळीचं, जेवण करावं लागतं, ही आमच्याकडची रीत. कोंबड्या त्या महिन्यात मानमोडीने मेल्या होत्या. चामोर्शीचा बाजार दूर आणि त्या दिवशी नव्हताही. आई दारात येऊन बाबांच्या कानाशी कुजबुजली. बाबा मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“गोठ्यात हायेत ना झिंगे. कोपऱ्यातल्या टबातले काढ, मोठे मोठे.”

ताई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातावर ओलं पोतं होतं.

“बाबा, ते खायचे नाईत.”

ती माहेरी आल्यापासून बाबांना उद्देशून सरळ बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

“झिंगा खायचा नाई त काय त्याची आरती करायची?”

भाऊजींचे वडील मोठ्याने हसले. भाऊजी खाली पाहून हसले. बाबांनी विडी पेटवली.

बाबांना ते काय सांगत आहेत हे माहीत होतं का, हे मी दोन वर्षं ठरवते आहे. कधी वाटतं, धानाच्या बांधीत जन्म गेलेला माणूस, त्याला जे पाण्यात चालतं ते खायचंच असतं. शहरात लोक हे काचेत ठेवून नुसतं पाहतात यावर त्यांचा विश्वासच बसला नसेल. कधी वाटतं, गोठ्यात टब एवढे होते आणि त्यांनी कोपऱ्यातला सांगितला. दोन्ही खरं असू शकतं. बाबांच्या बाबतीत दोन्ही खरं असायची मला सवय झाली आहे.

ताईने वाद घातला नाही. आई टबात हात घालायला वाकली तेव्हा तिने आईचा हात बाजूला केला, तुले चावन म्हणाली, आणि पाइपांतून एकेक मादी स्वतः बाहेर काढली. घमेल्यात टाकण्याआधी प्रत्येकीचा सांधा दाबून धरला. या वेळी तिने वाट पाहिली नाही, नांग्या मोडल्या. बांधीतल्या खेकड्यासारखा आवाज झाला. आईने एक उलटी करून पाहिली आणि स्वयंपाकातलं काही विचारावं तसं विचारलं, की हे अंडे काढू का राहू देऊ.

“राहू दे,” ताई म्हणाली. “चव लागते.”

रंग पाण्यात उतरत नाही. मला वाटलं होतं निळं पाणी होईल. तसं काही होत नाही. तो जागच्या जागी लाल होतो, आधी पायांची टोकं, मग पाठ, आणि पातेल्यावरचं झाकण आई दुसऱ्यांदा उचलते तेव्हा आत नुसते झिंगे असतात, कुठल्याही बाजारात मिळतात तसे. आईने पाट्यावर तिखट वाटलं, कैरी चिरून घातली. गोड्या पाण्यातल्या मासळीचा चांगला वास सुटला होता. भूक लागावी असा. मला भूक लागली, हे मी लिहून ठेवते.

पुरुष पत्रावळीवर बसले. ताईने वाढलं. भाऊजींच्या वडिलांनी दोन फोडले, चोखले आणि पत्रावळ जरा पुढे सारली. म्हणाले, मेहनत जास्त आन् मास काईच नाई, नुसतं टरफल. मग त्यांनी वरण मागून घेतलं.

हात धुतल्यावर बोलणं निघालं. बाबा म्हणाले की मुदत दिली होती, पण आता पऱ्ह्यापर्यंत थांबायचं कारण काय राहिलं. ते बरोबर होतं. कारण पत्रावळीवर पडलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मोठीचं घर उभं असलं तरच लहानीला कोणी विचारेल, ही शिकून राह्यली, उद्या हिला पाहाले येणारा आधी हेच विचारेल की मोठी कुठी हाये, त्याला आम्ही काय सांगायचं, गोठ्यात हाये म्हणून? भाऊजी म्हणाले की तिला त्रास काहीच नाही, दोन वेळ जेवण आहे, घर पक्कं आहे. कडीचं कुणी बोललं नाही.

मी मोठ्या माणसांच्या बैठकीत कधी बोलले नव्हते. वर्गातही उत्तर येत असून हात वर करायला मला वेळ लागतो. मी उभी राहिले, आणि घशातून जे आलं ते गावचं नव्हतं, कॉलेजचं होतं.

“ताईला राहू द्या. ती स्वतःचं स्वतः कमावते.”

मग भाऊजींचे वडील बाबांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “इवाई, तुमची पोरगी त टीव्हीवर बोलून राह्यली.”

सगळे हसले. बाबा हसले, ताई आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आईने पदर तोंडावर घेतला. एवढा वेळ अंगणात जो ताण होता तो त्या हसण्याने सैल झाला, आणि सगळ्यांना एकमेकांशी बरं वाटू लागलं. माझ्या वाक्याने ते काम केलं.

ताई हसली नव्हती. ती माझ्याकडे वळली.

“तुले कोनी इचारलं? पेपर हाये ना तुले? जाय, आत बस.”

आणि ती भांडी उचलायला लागली. ते तिचं उत्तर होतं, सगळ्यांना ते कळलं. भाऊजींनी उद्या सकाळी उन्हाच्या आधी निघू असं सांगितलं.

सकाळी मी उठले तेव्हा ताई गोठ्यात होती. विकायला तयार होत आलेली, अजून लहान असलेली, नांग्या असलेली, नसलेली, उरली होती ती सगळी तिने एका टबात जमवली होती. पाइपांचे तुकडे काढून भिंतीशी नीट रचून ठेवले होते. टबात लपायला काही नव्हतं. मी म्हटलं की हे एकमेकांना खाऊन टाकतील.

“हो,” ती म्हणाली. “एक उरन. तो चांगला मोठा होईन.”

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, नीट पेपर दे म्हटलं नाही. पदराला हात पुसून मोटारसायकलवर बसली. भाऊजींचे वडील आमच्या घरी थांबले, ते दुपारच्या बसने गेले. त्यांना आईने पुन्हा वरण वाढलं.

परीक्षा देऊन मी परत आले तेव्हा टबात खरंच एक होता. खूप मोठा झाला होता. मी त्याला काही दिवस भोपळ्याची फोड टाकली. मग एका सकाळी तो टबाबाहेर, सारवलेल्या जमिनीवर वाळलेला सापडला. मुंग्यांनी आतून रिकामा केला होता. रंग तेवढा होता. आईने केरसुणीने त्याला बाहेर लोटलं आणि टब धुऊन आंबाडी भिजवायला घेतला.

मी पास झाले. प्राणिशास्त्रात वर्गात पहिली आले, हेही सांगून टाकते.

आता शेवटचं वर्ष. या महिन्यात आईचा फोन आला की आरमोरीचं एक स्थळ आहे, मुलगा चांगला आहे, ते लोक रविवारी येतो म्हणतात. पुढे म्हणाली की त्यांनी पहिल्यांदा मोठी बहीण कुठे असते हेच विचारलं. मी त्यायले म्हटलं, चंद्रपूरले, आपल्या घरी. आईच्या आवाजात एक समाधान होतं. बाबांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेला प्रश्न शब्दन् शब्द तसाच आला होता आणि आईकडे त्याचं उत्तर तयार होतं.

दोन पेपरांच्या मधे सुट्टी होती. मी चंद्रपूरला गेले. दार उघडंच होतं. मी कडीकडे पाहिलं, ते ताईने पाहिलं.

“आता लावत नाईत,” ती म्हणाली. “गरज नाई पडत.”

ती जाड झाली आहे. हात कोरडे असतात. तिने आंबील दिली, पंखा माझ्याकडे वळवला, वसतिगृहातलं जेवण विचारलं. माशांच्या दुकानाचं मी विचारलं तर म्हणाली, असन तिथीच, मी तिकडून नाई जात. मग स्थळाचं तिनेच काढलं. मी खूप वेळ पेल्याच्या कडेवर बोट फिरवत बसले. शेवटी म्हटलं की मला आत्ता लग्न करायचं नाही, नागपूरला पुढे शिकायला जायचं आहे, त्यांना येऊ नका सांगणार आहे. या वेळी मी गावच्या बोलीत बोलले. मला वाटलं होतं ताईला बरं वाटेल. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाय.

ताईने पेला माझ्या हातातून घेतला. त्यात आंबील अजून होती.

“तू नाई म्हनशीन,” ती म्हणाली, “त मंग मी कायले आलो इथी?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी उत्तर शोधलं. मी उत्तरं शोधण्यात हुशार आहे, असं सगळे शिक्षक म्हणतात.

बस सुटायची वेळ झाली म्हणून मी उठले. संध्याकाळी वसतिगृहातून आईला फोन केला आणि त्या लोकांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. आई रडली, मग बाबांनी फोन घेतला, कानाला लावून आईकडे परत दिला. रविवार आला आणि गेला. कुणी आलं नाही.

त्यानंतर मी ताईला रोज फोन लावते. पूर्ण वाजून बंद होतो. काल मात्र तिने उचलला. मी ताई म्हटलं. पलीकडे चुलीवर कुकर होता, त्याची वाफ धरल्याचा आवाज येत होता, आणि ताईचा श्वास. मी आणखी एकदा ताई म्हटलं. कुकरने शिट्टी दिली तेव्हा भांडं उतरवायला तिने फोन ठेवला.